वाचक विचारतात : क्लबचं काम, क्लबचा पैसा आणि शाळेतली मुलं

जुलै लागला की रोटरी असो नाहीतर लायन्स, समाजसेवा करणाऱ्या या दोन्ही क्लबांचं नवं वर्ष १ तारखेला सुरू होतं. नवा अध्यक्ष, नवा सेक्रेटरी, आणि पुण्यात महिनाभर कुठे ना कुठे पदग्रहण समारंभ चालू असतोच. त्यामुळे असेल, पण या वेळी क्लबांबद्दलचे प्रश्न खूप आलेत, म्हणून हा अंक त्यांनाच दिलाय. नावं मुद्दाम छापत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर बरीच वर्षं रोटरीत आहेत. मी त्यांच्याबरोबर कार्यक्रमांना जाते, तिथे आम्हा बायकांना 'अ‍ॅन' म्हणतात. स्वागत, रांगोळी, बुके, सूत्रसंचालन सगळं करून झालं. आता बँकेतून रिटायर झालेय. स्वतः मेंबर व्हावं का, की या वयात उगाच? – एक वाचक, सहकारनगर

व्हा ताई, नक्की व्हा. रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली आणि पुढे कितीतरी वर्षं ती फक्त पुरुषांची होती, बायकांना मेंबरशिप खुली व्हायला १९८९ उजाडावं लागलं. म्हणजे आता तुम्हाला घेऊन कुणी उपकार करत नाहीये, तो तुमचा हक्कच आहे. आणि पुण्यात तर रमाबाई रानड्यांनी सेवासदन १९०९ साली उभं केलं, इथे बायकांनी संस्था चालवणं काही नवीन नाही.

मिस्टरांच्याच क्लबात जायला पाहिजे असं नाही. पुण्यात सकाळी भरणारे क्लब आहेत, संध्याकाळचे आहेत, दोन-तीन ठिकाणी पाहुणी म्हणून बसून या. वर्षाचा सगळा खर्च मिळून किती होतो ते आधीच स्पष्ट विचारा, वर्गणी वेगळी, डिस्ट्रिक्टचे (म्हणजे क्लबच्या वरच्या विभागाचे) पैसे वेगळे, जेवणाचे वेगळे असं नंतर कळलं की मन खट्टू होतं. आणि एक प्रश्न मात्र जरूर विचारा, तीन वर्षांपूर्वी तुम्ही जो प्रोजेक्ट केला होता तो आज कसा चाललाय? लगेच फोन लावून सांगणारा कुणी भेटला तर तो क्लब चांगला समजा. पोलिओचं काम तडीस का गेलं? रोटरीने १९८५ मध्ये ते हातात घेतलं आणि आपल्याकडचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. एवढी वर्षं तीच माणसं त्याच बूथवर दर पल्स पोलिओला बसत होती, सरकारी यंत्रणेच्या आणि आशाताईंच्या बरोबरीने घरोघर फिरत होती, म्हणून झालं.

तुम्ही बँकेतल्या, तर खजिनदारपद मागून घ्या. हिशोब कळणारं माणूस प्रत्येक क्लबला हवं असतं, का ते खालच्या एका उत्तरात कळेलच.

प्रश्न : मी वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक. पुण्याचे क्लब प्रेमाने येतात. एकाने स्वच्छतागृह बांधलं, एकाने डिजिटल बोर्ड दिला. स्वच्छतागृहाला फेब्रुवारीनंतर पाणी नसतं, बोर्डाचा इन्व्हर्टर बंद पडलाय. या वर्षी अजून एक क्लब दुसरा बोर्ड देतो म्हणतोय. नको कसं म्हणायचं? वाईट वाटेल त्यांना.

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. याच भागातली अशीच एक शाळा मी बघितलीय. सुंदर टाइल्स, दारावर मुलगा-मुलगीची चित्रं, बाहेर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी, आणि स्लॅबवरची काळी टाकी कोरडी ठणठणीत. पाइप वरच्या ओढ्यातून आणला होता, पावसाळ्यात ओढा धो धो वाहतो म्हणून पाहणी करणाऱ्याला ते पुरेसं वाटलं, कारण पाहणी झाली होती ऑगस्टमध्ये. मार्चमध्ये दार कुलूपबंद होतं. किल्ली सरांच्या टेबलाच्या खणात, कारण पाण्याशिवाय उघडं ठेवलं तर दोन दिवसांत वास मारतो. आणि सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी निघून जायच्या, काही परत यायच्या नाहीत. म्हणजे ज्या मुलींसाठी ते बांधलं त्यांनाच त्याचा उपयोग नव्हता. हे बघून मला फार त्रास झाला, अजून होतो.

म्हणून सर, नको म्हणू नका, दुसरं मागा. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या, काय हवंय त्याचा ठराव करा आणि त्याची कॉपी क्लबला द्या. समितीचा ठराव पुढे ठेवला की ते मुख्याध्यापकांचं वैयक्तिक मत राहत नाही, गावाचं मागणं होतं, मग कुणाला वाईट वाटायचा प्रश्न येत नाही. मागायचं काय, तर उन्हाळ्यातही टिकेल असा पाण्याचा स्रोत आणि तिथून टाकीपर्यंत पाइप, इन्व्हर्टरची बॅटरी, आणि पुढची तीन वर्षं नळ, फ्लश, मोटर यांच्या दुरुस्तीला थोडी थोडी रक्कम. ग्रामपंचायतीलाही सोबत घ्या, पाणी आणि स्वच्छता ही त्यांच्याही निधीतली कामं आहेत.

आणि क्लबवाल्यांनो, तुम्हीही हे वाचताय ना? पाहणीला एप्रिलमध्ये जा. बांधकामाच्या बजेटमध्येच देखभालीची रक्कम धरा. किल्ली कोणाकडे राहणार, साफ कोण करणार, त्याला पैसे कोण देणार हे कागदावर आल्याशिवाय भूमिपूजन करू नका. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटला, म्हणजे त्यांच्या मोठ्या अनुदानाला, तर हे करावंच लागतं, कमीत कमी ३०,००० डॉलरचं बजेट, बाहेरच्या देशातला एक भागीदार क्लब, आणि गावाची गरज आधी तपासलीय हे दाखवायचं. मग तीन-चार लाखाच्या आपल्या कामाला ती शिस्त का नको?

प्रश्न : आमचा छोटा क्लब आहे. शाळांच्या मदतीसाठी नाटकाचा चॅरिटी शो करायचा विचार चाललाय, सोबत स्मरणिका. काही मेंबर म्हणतात पावती पुस्तकं घेऊन सोसायट्यांमध्ये फिरूया. काय बरं पडेल? परवानगी, टॅक्स वगैरे काय बघायचं? – खजिनदार, कोथरूड

नाटकाचं गणित सांगते. बहुतेक वेळा निर्मात्याकडून कॉन्ट्रॅक्ट शो घेतात, म्हणजे ठरलेली रक्कम त्यांना द्यायची आणि तिकिटं आपण खपवायची. थिएटरचं भाडं, जाहिरात, चहापाणी धरलं की फक्त तिकिटांवर फारसं उरत नाही. उरतं ते स्मरणिकेच्या जाहिरातींवर आणि एखाद्या प्रायोजकावर, त्यामुळे जाहिराती आधी गोळा करा आणि खर्च त्यातून निघतोय असं दिसलं तरच तारीख पक्की करा. बालगंधर्व किंवा यशवंतराव चव्हाणला शनिवार-रविवार मिळणं अवघड, मधल्या वारचा प्रयोग असेल तर तिकिटं मेंबरांच्याच गळ्यात पडतात, ते होऊ देऊ नका.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण रद्दी गोळा करून विकायचा मार्ग मात्र मला मनापासून आवडतो. सोसायटीत महिन्याचा एक रविवार ठरवायचा, लोक पेपर खाली आणून ठेवतात, रोख द्यायला कां कू करणारी माणसं रद्दी आनंदाने देतात आणि दर महिन्याला देतात. रक्कम मोठी नसते पण नियमित येते, आणि वरच्या सरांच्या इन्व्हर्टरला असाच नियमित पैसा लागतो. फक्त एक करा, तुमच्या भागातल्या कचरावेचक ताईंचं उत्पन्न त्या रद्दीवर असतं, त्यांच्याशी आधी बोला. नाहीतर एका गरजूच्या हातातलं काढून दुसऱ्याला दिल्यासारखं होईल.

आता पावत्या. क्लबचा नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर पैसे ट्रस्टच्या खात्यातच घ्या, कुणा मेंबरच्या जीपेवर अजिबात नको, कितीही भरवशाचा माणूस असला तरी. ट्रस्ट नसेल आणि लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी लागते, गणेश मंडळं दर वर्षी काढतात तीच, कलम ४१ क ची. पावती पुस्तकांना नंबर हवेत, कोणतं पुस्तक कुणाला दिलं याची वहीत सही घेऊन नोंद हवी, आणि स्थळप्रतींसकट प्रत्येक पुस्तक परत आलं पाहिजे, कोरं राहिलं असेल तरी. परत न आलेल्या एका पुस्तकामुळे चांगल्या क्लबाचं नाव खराब होतं.

टॅक्सचं थोडक्यात. देणगीवरची ८० जी ची सवलत तुमच्या ट्रस्टला ती मान्यता असेल तरच मिळते, देणगीदार जुन्या करप्रणालीत असेल तरच, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली असेल तर नाही. नुसती पावती पुरत नाही, देणगीदाराचा पॅन घेऊन ट्रस्टने पोर्टलवर माहिती भरून सर्टिफिकेट द्यायचं असतं. कंपनीचा सीएसआर (समाजकामासाठीचा निधी) हवा असेल तर ट्रस्टने सीएसआर-१ फॉर्म भरलेला असला पाहिजे, २०२१ पासून त्याशिवाय होत नाही. हे सगळं सीएला दाखवून घ्या. आणि सहकारनगरच्या ताई, बघा, म्हणून म्हणत होते खजिनदार व्हा.

प्रश्न : ताई, मी मूळचा भोरचा, पुण्यात कॉलेजला आहे आणि आमच्या रोटरॅक्ट क्लबचा, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबचा, या वर्षीचा प्रेसिडेंट आहे. आम्ही दर वर्षी वह्या वाटतो, झाडं लावतो. पैसे फार नाहीत पण मुलं भरपूर आहेत आणि वेळ आहे. शाळेतल्या मुलांसाठी खरंच उपयोगी पडेल असं काय करता येईल?

अरे, तुझ्या पत्राने फार बरं वाटलं. पैसे नाहीत पण वेळ आहे असं लिहिलंयस ना, ते तुझ्याकडचं मोठं भांडवल आहे, कारण मोठ्या क्लबांकडे नेमकं उलटं असतं.

एनएमएमएस ऐकलंयस का? आठवीतल्या मुलांची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी, झेडपी-मनपाच्या आणि अनुदानित शाळेत शिकणारं मूल, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीला ५५ टक्के (एससी-एसटीला ५०), एवढं असलं की बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० थेट मुलाच्या खात्यात. भोर-वेल्ह्यातल्या घरात हे पैसे आले की मुलगी बारावीपर्यंत शिकते रे, दहावीनंतर घरी बसत नाही.

पेपर दोन, ९०-९० मार्कांचे. एक बुद्धिमत्ता चाचणी, एक विज्ञान-समाजशास्त्र-गणित. त्यातला बुद्धिमत्तेचा पेपर निव्वळ सरावाचा आहे, आकृत्या, मालिका, सांकेतिक भाषा. तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी असलं सोडवलेलंच आहे. परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये असते, म्हणजे आत्तापासून दर शनिवारी दोघं-दोघं एका शाळेत गेलात तरी चांगला सराव होतो. खर्च किती, एसटीचं भाडं आणि झेरॉक्स. दहा शाळा धरू नका, दोनच धरा, पण एकही शनिवार चुकवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुलं दारात येऊन वाट बघायला लागतात, आणि त्यानंतर तुम्ही आला नाहीत तर त्यांच्या मनाला फार लागतं.

खरी मदत पुढेच आहे. निवड झालेली मुलंही पैशांना मुकतात, कारण खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि शाळेत एक, किंवा दर वर्षी पोर्टलवर रिन्यूअल करायचं असतं ते राहून जातं. आई-वडील भाताच्या कामात, मोबाइल एक, ओटीपी येतो तेव्हा रेंज नाही. अशा वेळी कुणीतरी दादा-ताई लॅपटॉप घेऊन बसली की काम होतं. म्हणून प्रत्येक निवड झालेल्या मुलाच्या नावापुढे तुमच्यातल्या एकाचं नाव लिही, तो दादा किंवा ताई बारावीपर्यंत त्या मुलाची. तुम्ही कॉलेजमधून बाहेर पडाल, पण रोटरॅक्टला आता वयाची ३० ची वरची मर्यादा राहिलेली नाही, आणि फोन तर कुठूनही करता येतो.

वह्या वाटणं बंद कर असं नाही म्हणत, पण त्यासाठी वर्षातला एक दिवस पुरे.

आणि तू भोरचा आहेस तर तुला आपल्याकडची ही परंपरा माहीत असेलच, खेड्यातून शिकायला आलेली मुलं पुण्यात वारावर जेवून, माधुकरी मागून शिकली. विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून अशाच मुलांना वसतिगृहात ठेवून घेतेय. तुमच्या शाळांतली मुलं बारावी होऊन पुण्याला यायच्या वेळी तिथले फॉर्म कधी निघतात ते आधीच बघून ठेव.

प्रश्न : क्लबचा वर्धापनदिन ऑगस्टमध्ये आहे. त्या दिवशी भव्य रक्तदान शिबिर घ्यावं का? – एक अध्यक्ष, बिबवेवाडी

आधी रक्तपेढीला विचारा, त्यांना कधी हवंय. रक्ताची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते, प्लेटलेट्स तर फक्त ५ दिवस. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिन, पुढे गणपती, शिबिरांची रांग लागलेली असते. टंचाई होते मे महिन्यात आणि दिवाळीत, कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना कसली सुट्टी. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिने आणि बायकांना चार महिने अंतर ठेवावं लागतं, म्हणून एका दिवशी सगळ्यांना उभं करण्यापेक्षा निम्मे वर्धापनदिनाला, निम्मे दिवाळीच्या आठवड्यात असं वाटून घ्या.

अजून एक. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली म्हणून शिबिरात कितीतरी मुलींना परत पाठवतात. त्यांना नुसतं 'पुढच्या वेळी या' म्हणू नका, त्यांची परवानगी घेऊन नावं लिहून ठेवा, डॉक्टर मेंबरला सांगून तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सुरू करून द्या, आणि तीन महिन्यांनी परत मोजा. मे महिन्यातल्या शिबिराची तारीख रक्तपेढीकडे आत्ताच नोंदवा, म्हणजे ३० जूनला तुमचं वर्ष संपायच्या आत तेही तुमच्याच हातून होईल.