रोज लिहिते, तरी कादंबरी पुढे का सरकत नाही?

"मॅडम, मी रोज लिहिते, पण माझं लिखाण होत नाहीये."

समुपदेशक म्हणून हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी फार वेळा ऐकलं आहे. निवृत्त शिक्षकांकडून, आयटीतल्या तरुणांकडून, घर आणि नोकरी सांभाळून गझल शिकणाऱ्या बायकांकडून. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये दोन-तीन लेखन समूह असतात. एका समूहात सकाळी शब्द मिळतो, त्यावर रात्री बाराच्या आत अलक, म्हणजे अतिलघुकथा, टाकायची. दुसऱ्यात चित्रावरून चारोळी. तिसरीकडे रोज एक फोटो. एप्रिल आला की तीस दिवस तीस कविता. आणि जी कादंबरी खरोखर लिहायची आहे, ती लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशी थांबलेली.

विचारलं जातं ते वेळेबद्दल. "हे सगळं बसवू कसं?" माझा अनुभव असा की वेळापत्रकानं हा प्रश्न क्वचितच सुटतो. का, ते मेधाच्या निमित्तानं सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे.

मेधा चाळिशीची, कोल्हापुरात नोकरी करणारी. माहेर इचलकरंजीचं. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे; आई कांडी मशीनवर, मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सगळं गावच सुताचं झालं. ती गोष्ट मालकांच्या बाजूनं आपण ऐकतो, मेधाला ती कांड्या भरणाऱ्या बायकांच्या बाजूनं लिहायची होती. विषय सांगताना तिचा आवाज बदलायचा, हात हलायला लागायचे. या बाईकडे लिहिण्यासारखं आहे, याबद्दल मला पहिल्या भेटीपासून शंका नव्हती.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मला अहो-जाहो करू नका," आणि पर्समधून वेळापत्रक काढलं. सकाळी सहा ते पावणेसात रंकाळ्यावर फोटो. बसमध्ये चारोळी. जेवणाच्या सुट्टीत अलक. रात्री साडेनऊ ते साडेदहा कादंबरी.

"यातलं काय होतं?"

"कादंबरी सोडून सगळं."

"अलकला किती वेळ लागतो?"

"दहा-पंधरा मिनिटं."

"आणि टाकल्यानंतर?"

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या भेटीत ती लिहूनच घेऊन आली. टाकल्यावर कोणी काय म्हटलं ते बघायचं, आभार मानायचे, इतरांच्या कथांना अभिप्राय द्यायचा, आपल्यापेक्षा कुणाला जास्त बदाम आले ते मनात ठेवायचं. हे दुपारी सुरू होऊन रात्री अकरापर्यंत झिरपत राहायचं.

"म्हणजे वेळ होता," मी म्हटलं.

"वेळ होता, मॅडम. मन उरत नव्हतं."

मधल्या काळात फोटोंचा विषय निघाला. पूर्वी ती रंकाळ्यावर कॅमेरा घेऊन रमायची, एका पाणकोंबडीसाठी अर्धा तास बसायची. आता फोटो मिळाला की परत फिरायची. पाणकोंबडी दिसली तरी थांबायची नाही, कारण आजचं काम झालेलं असायचं. यावर मी तिला १९७३ सालचा एक प्रयोग सांगितला. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. मुलांनी चित्रं काढली, प्रशस्तिपत्रं मिळाली. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं तर तीच मुलं चित्रांकडे कमी वळत होती. ज्यांना बक्षिसाचा शब्द दिलाच नव्हता, त्यांची आवड टिकून होती. मेधा ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, "पाणकोंबडीचा फोटो मी कुणालाच दाखवला नव्हता."

कळलं तरी साखळी सुटत नव्हती. आठ महिने एकही दिवस चुकला नव्हता. तेव्हा मी तिला एकच काम दिलं. आजारी नसताना, गावाला गेलेली नसताना, सुचलेलं असतानासुद्धा एक दिवस काही टाकायचं नाही.

"साखळी तुटेल."

"तुटल्यावर काय होतं, तेच बघायचं आहे."

दोन आठवडे तिनं ते टाळलं. तिसऱ्या आठवड्यात आली ती चेहरा उतरवूनच.

"रात्री साडेअकराला फोन हातात घेऊन बसले होते. कुणी विचारलंसुद्धा नाही, आज तुझी कथा कुठे आहे म्हणून."

"वाईट वाटलं?"

"नाही. भीती वाटली."

"कसली?"

ती बराच वेळ बोलली नाही. अशा वेळी समुपदेशकाला मध्ये काहीतरी बोलावंसं वाटतं; मी ते बोलणं जाणीवपूर्वक गिळते, आणि त्या दिवशी ते फळाला आलं. ती म्हणाली, "आज मी कोणीच नव्हते, अशी. रोज एक टाकलं की त्या दिवसापुरती मी लेखिका असते. कादंबरीपुढे बसले की नसते. तिथे फक्त एक बाई असते, जिला पुढचं वाक्य येत नाहीये."

इथे गाठ सापडली. मेधा वेळेअभावी कादंबरी टाळत नव्हती. रोजच्या उपक्रमातून तिला त्याच दिवशी दोन गोष्टी मिळत होत्या: काहीतरी पुरं झाल्याचं समाधान आणि आपण लेखिका असल्याचा पुरावा. कादंबरी यातलं काहीच महिनोन्‌महिने देत नाही. मग थकलेलं मन रात्री साडेनऊला कुठे जाईल? वेळापत्रकात एक तास रिकामा करून दिला तरी तो पुरावा गोळा करण्यातच जाणार.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका, ही त्यांची शिकवण इतक्या वर्षांत मला कधी अपुरी पडलेली नाही. पण ती सांगून पटत नाही, समोरच्याच्या आयुष्यात दाखवावी लागते. म्हणून मी विचारलं, "आईच्या हातून एखादी कांडी सैल भरली गेली तर?"

"सैल कांडी धोट्यात गेली की सूत सुटतं. ती बाजूला काढायची, परत भरायची."

"आणि आई?"

"आईचं काय?"

"ती वाईट कांडीवाली ठरायची?"

मेधा हसली. मग डोळे पुसले. "आईनं असा विचारसुद्धा केला नसता. पुढची कांडी लावली असती."

"मग वाक्य वाईट आलं तर ते वाक्य वाईट. तू कोण आहेस, हे त्या वाक्याला का विचारतेस?"

त्या दिवसानंतर तिची भाषा बदलली. 'मला जमत नाही'च्या जागी 'चौथं प्रकरण सैल आहे' असं ती म्हणू लागली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. सैल प्रकरणावर काम करता येतं. 'मला जमत नाही' यावर काय काम करणार?

मेधासारख्या सगळ्यांना मी आता जे सांगते, ते इथे लिहिते.

उपक्रम वाईट नाहीत. नव्यानं लिहिणाऱ्याला मी आवर्जून त्यांत जायला सांगते, कारण लहर नसताना बसणं, शब्द छाटणं आणि शेवट करणं तिथे शिकता येतं. पण ज्याला शेवटची तारीख आहे असाच उपक्रम घ्या. महिन्याभरात कादंबरी लिहायचं आव्हान १९९९ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्को परिसरात एकवीस जणांनी सुरू केलं; पुढच्या वर्षापासून ते नोव्हेंबरात होऊ लागलं. पन्नास हजार शब्द, म्हणजे दिवसाला सुमारे १,६६७. ते चालवणाऱ्या संस्थेनं २०२५ मध्ये काम थांबवत असल्याचं जाहीर केलं, तरी कल्पना शिल्लक आहे. नोकरी-घर सांभाळून हा वेग मला जाचक वाटतो, पण त्यात एक शहाणपण आहे: तीस तारखेला ते संपतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा रोजचा शब्द कधीच संपत नाही, आणि जे संपत नाही ते हळूहळू कर्तव्य होऊन बसतं.

कादंबरीसाठी दिवसाला दोनशे शब्द पुरेत, आठवड्यातून पाच दिवस. आठवड्याला हजार होतात, पन्नास आठवड्यांत पन्नास हजार. अट एकच: हे दोनशे शब्द कुठलाही समूह उघडण्याआधी. पुढे काय येणार हे ठाऊक असतानाच थांबा, म्हणजे उद्या कोऱ्या पानापासून सुरुवात होत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चारशे लिहून भरपाई करू नका. भरपाई जमली नाही की अपराधी वाटतं, आणि मग आठवडाच सोडून दिला जातो.

कवितेला वेळ नेमून देऊ नका, वही द्या. ओळ आली की लिहून ठेवा, रविवारी तिच्याकडे परत जा. गझलेचं वेगळं आहे. मात्रा आणि वृत्तांचा रियाज रोज करावा, फक्त रियाज समूहात टाकू नये.

फोटो काही महिने कुणाला दाखवू नका. मेधानं इचलकरंजीला जाऊन मालकांची परवानगी घेऊन जुन्या शेडचे फोटो काढले: भिंतीवर बसलेला कापसाचा कचरा, तेलकट फरशी. ते आज तिच्या टेबलासमोर लावलेले आहेत, आणि आता ती कादंबरीत अंदाजानं लिहीत नाही.

उपक्रमाचा शब्द घेऊन कादंबरीतला प्रसंग लिहावा का, असं अनेक जण विचारतात. जरूर लिहा, पण टाकू नका. कच्च्या प्रसंगाला 'वा' मिळाली की तो पुढे बदलवत नाही, आणि कादंबरीत प्रसंग बदलावे लागतातच. याच कारणानं त्या वर्षी मेधानं दिवाळी अंकांनाही काही पाठवलं नाही.

आणि एखाद्याला कादंबरी लिहायचीच नसेल, तर तेही मोकळेपणानं कबूल करावं. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना अलकच लिहायच्या होत्या. कादंबरी हवी होती ती मुलांना दाखवण्यासाठी. ते आता अलक लिहितात, उत्तम लिहितात, आणि रात्री शांत झोपतात.

मेधाचा पहिला खर्डा या वर्षी पुरा झाला. परवा ती भेटली, तेव्हा मीच विचारलं, "एप्रिलच्या तीस कवितांत उतरली होतीस ना, किती झाल्या?"

"अकरा," ती म्हणाली, आणि आठव्या प्रकरणातली जॉबरची बायको अजून मोकळं बोलत नाही, त्यावर काय करावं ते सांगू लागली.