मांद्र्याहून बर्लिनला येऊ पाहणाऱ्या डीजेस उत्तर

तुम्ही गोव्यातल्या मांद्र्याचे, सीझनमध्ये मोरजी-हणजूणच्या शॅकमध्ये डीजे म्हणून वाजवता, पावसाळ्यात घरी लॅपटॉपवर स्वतःचे ट्रॅक तयार करता आणि पुढच्या वर्षी कायमचे बर्लिनला यावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा डिचोलीचा, आता इथे याच व्यवसायात आहे. माझे मत असे की जरूर या, पण डीजे म्हणून नव्हे, संगीतनिर्माता म्हणून या.

बर्लिनमध्ये वाजवणाऱ्यांची वाण नाही. शनिवारी रात्री सुरू झालेली पार्टी काही क्लबांत सोमवारी सकाळपर्यंत चालते, त्यामुळे वाजवायला वेळ पुष्कळ असतो. पण तो आधी क्लबच्या ठरलेल्या डीजेंना मिळतो, आणि नवख्याच्या वाट्याला येणाऱ्या मानधनात घरभाडे निघत नाही. शिवाय गोव्यात रात्री दहाला उघड्यावरचा आवाज बंद करावा लागत असल्याने आपल्याला लवकर रंग चढवण्याची सवय लागलेली असते. इथे तीन-चार तासांच्या सेटमध्ये ती अंगाशी येते; भजनात गजर आधीच घेऊन टाकला तर पुढे काय म्हणायचे, तशी गत होते.

गोवा ट्रान्स हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार हणजूणच्या किनाऱ्यावरील पार्ट्यांतून १९९० च्या दशकात जगभर पोहोचला, आणि जर्मनीत आजही त्यातूनच पुढे आलेल्या सायट्रान्सच्या पार्टीला सर्रास ‘गोवा’ म्हणतात. त्यामुळे तुमचे गाव ऐकून लोक कौतुकाने बोलतील; टेक्नो या दुसऱ्या प्रकारच्या संगीताच्या क्लबांत मात्र त्या कौतुकाने काम मिळत नाही. तुमचा कल सायट्रान्सकडे असेल, तर बर्लिनच्या क्लबांपेक्षा उन्हाळ्यातील उघड्यावरच्या महोत्सवांकडे पाहा. पोर्तुगालमधील बूम महोत्सव १९९७ पासून भरतो आहे.

आता कागदपत्रे, कारण खरी अडचण तिथेच आहे. कलावंताला जर्मन निवास कायद्याच्या कलम २१ खाली स्वतंत्र व्यावसायिक म्हणून परवाना मिळू शकतो, आणि त्यासाठीचा व्हिसा भारतात असतानाच घ्यावा लागतो. गोवा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. खर्चाचा आराखडा, आरोग्यविमा आणि केलेल्या कामाचे नमुने यांच्याबरोबर तुम्हाला काम देऊ इच्छिणाऱ्या इथल्या लोकांची पत्रे जोडावी लागतात. क्लबचालक अनोळखी डीजेला असे पत्र सहसा देत नाही. ज्याने तुमचा ट्रॅक काढला ते लेबल, म्हणजे संगीत प्रकाशित करणारी कंपनी, किंवा ज्याला तुमचे मिक्सिंग पसंत पडले तो स्टुडिओ देतो. म्हणूनच मी निर्माता म्हणून या असे म्हणतो. पर्यटक व्हिसावर येऊन पैसे घेऊन वाजवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो बेकायदा आहे.

परवाना मिळाल्यावर कलावंतांच्या सामाजिक विमा निधीकडे, म्हणजे केएसकेकडे, अर्ज करा. ही व्यवस्था १९८३ पासून आहे, आणि तिच्यात आरोग्य व निवृत्तिवेतन विम्याच्या हप्त्याचा साधारण निम्माच भाग कलावंत भरतो. तिथेही नुसती दुसऱ्यांची गाणी लावणाऱ्यापेक्षा स्वतःची निर्मिती दाखवणाऱ्याची बाजू भक्कम ठरते.

पोर्तुगीज पासपोर्टबद्दलही तुम्ही विचारले आहे. आजी-आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा गोव्यातला असेल, तर अनेक कुटुंबे त्याची पोर्तुगालमध्ये नोंद करून तो मार्ग धरतात, आणि मग जर्मनीत राहण्यासाठी व्हिसा लागत नाही. मात्र भारतीय नागरिकत्व जाते. परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड घेतले तरी मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलल्याशिवाय, केवळ वाजवण्याच्या हौसेपायी हा निर्णय घेऊ नये.

तेव्हा येत्या पावसाळ्यात नवे काही सुरू करण्याऐवजी अर्धवट पडलेले ट्रॅक पूर्ण करा आणि आयपीआरएसचे, म्हणजे संगीतकार-गीतकारांचे मानधन गोळा करणाऱ्या भारतीय संस्थेचे, सदस्य होऊन स्वतःच्या रचनांची नोंद करा. मग ज्यांचे संगीत तुम्ही खरोखर वाजवता अशाच लेबलांना एका वेळी तीन-चार ट्रॅक, खासगी दुव्याने पाठवा. तेच ट्रॅक सगळ्यांना एकदम पाठवू नका. इथले वर्तुळ लहान आहे आणि ते लगेच कळते.