वाळवंटातल्या जुन्या ट्रेलरमध्ये राहायला एवढे पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाजवळ जुन्या, गोलगरगरीत ट्रेलरांचा (गाडीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घरांचा) एक ग्लॅम्पिंग, म्हणजे ऐषारामी कॅम्पिंगचा, रिसॉर्ट पाहिलात, रात्रीचे तीनशे डॉलर सांगताहेत, पुण्याहून आई-बाबा आलेत, बरोबर दोन मुलं. हे करावं की सरळ हॉटेल घ्यावं?

करा. पण एकच रात्र, आणि ऑक्टोबरचा मध्य ते एप्रिल एवढ्याच काळात. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन अशा जागी राहिलोय, शिवाय आधी दोघंच असतानाही. त्यावरून सांगते: हे पैसे खोलीचे नसतात, अंगणाचे असतात. दाराबाहेरची वाळू, दोन खुर्च्या, शेकोटीची लोखंडी कढई, समोर काहीही बांधलेलं नाही असं मैलभर मोकळं रान, आणि रात्री बाराला बाहेर यावंसं वाटलं तर लिफ्ट-लॉबी न ओलांडता बाहेर येता येणं, याचे ते तीनशे डॉलर. ज्यांना ट्रेलरच्या आत बसून राहायचंय त्यांनी हॉटेलच घ्यावं. माझ्या सासूबाईंनी दारातच विचारलं होतं, "एवढे पैसे देऊन पत्र्याच्या डब्यात झोपायचं?" प्रश्न चुकीचा नव्हता.

आत काय असतं ते आधी समजून घ्या, कारण फोटो रुंद लेन्सने काढलेले असतात. रुंदी बाहेरून आठ फुटांच्या आसपास. एका टोकाला पलंग, बहुतेक वेळा भिंतीला भिंत लागलेला, म्हणजे आतल्या बाजूला झोपलेल्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडूनच यावं लागतं. दुसऱ्या टोकाला टेबल आणि दोन बाकडी. टेबल खाली पाडून त्यावर गाद्या टाकल्या की मुलांचा बिछाना होतो, पण मग सकाळी चहा प्यायला टेबल उरत नाही. चार माणसं एका वेळी उभी राहिली की वाहतूक ठप्प.

वीज हा भाग कुणी सांगत नाही. आरव्हीची, म्हणजे अशा फिरत्या घरांची, नेहमीची जोडणी ३० अँपिअरची, १२० व्होल्टवर. म्हणजे सगळं मिळून ३६०० वॅट. छतावरचा एसी दीड हजाराच्या आसपास ओढतो, चहाची इलेक्ट्रिक किटली तेवढंच, मायक्रोवेव्ह हजारावर. तिन्ही एकदम लावलं की अंधार. म्हणून चहा टाकताना एसी बंद करायचा, एवढी शिस्त घरातल्या सगळ्यांना पहिल्याच तासात शिकवून ठेवा. गरम पाण्याचंही तसंच. अशा गाड्यांच्या मूळ गिझरची टाकी बहुधा सहा गॅलनची, म्हणजे बावीस-तेवीस लिटर. एक बादली आणि वर दोन तांबे. काही रिसॉर्टनी मोठा गिझर बसवलेला असतो, काहींनी नाही. आधी विचारा, नाहीतर शेवटच्या माणसाच्या अंगावर साबण राहतो.

आणि फोडणी आत देऊ नका. एवढ्याशा जागेत धुराचा अलार्म पलंगापासून हातभर अंतरावर असतो. मोहरी तडतडायच्या आत तो ओरडायला लागतो, आणि हिंगाचा वास पुढच्या पाहुण्यापर्यंत टिकतो. बाहेर ग्रिल असतंच, त्यावर कढई चढवता येते. आम्ही कांदे, बटाटे, मक्याची कणसं निखाऱ्यात भाजली, घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आमच्या बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तर हॉटेलात जायचं नावच काढलं नाही. वाणसामान वाटेतल्या यक्का व्हॅली गावातून भरून घ्या, पुढे दुकानं विरळ होत जातात. मात्र उन्हाळ्यात आणि जोराच्या वाऱ्यात शेकोटीवर बंदी येते, तेही बुकिंगच्या वेळी विचारण्यासारखं.

आता या डब्यांबद्दल थोडं, कारण ते नुसतं शोभेला ठेवलेलं सामान म्हणून पाहिलं तर निम्मी मजा जाते. तुम्ही फोटोत पाहिलेला तो चकचकीत चंदेरी प्रकार म्हणजे एअरस्ट्रीम. वॉली बायम नावाच्या माणसाने १९३१ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये हा उद्योग सुरू केला. १९३६ मध्ये त्यांचा रिव्हेट मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा 'क्लिपर' आला, किंमत १२०० डॉलर, मंदीच्या काळात. त्या आकाराचं श्रेय मात्र हॉली बोलस या ग्लायडर बांधणाऱ्या माणसालाही जातं. त्याच्या 'रोड चीफ' या ट्रेलरवरूनच क्लिपर उतरला. म्हणूनच आत झोपून वर पाहिलं की विमानाच्या पोटात असल्यासारखं वाटतं. युद्धानंतर तर तल्साची स्पार्टन ही खरीखुरी विमान कंपनीच ट्रेलर बनवायला लागली, आणि ती चालवत होता तेलसम्राट जे. पॉल गेटी. १९५९ मध्ये बायम केपटाऊनहून कैरोपर्यंत ट्रेलरांचा तांडा घेऊन गेला. आणि १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉलिन्स यांना सुरुवातीला विलगीकरणात ठेवलं ते एका बदल करून घेतलेल्या एअरस्ट्रीममध्येच. राष्ट्राध्यक्ष निक्सन बाहेर उभे राहून खिडकीतून त्यांच्याशी बोलतात, तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. आमच्या बाबांना हे सांगितल्यावर डब्याकडे बघायची त्यांची नजरच बदलली. सासूबाईंची नाही.

हे सगळे ट्रेलर वाळवंटातच का सापडतात? एक तर कोरडी हवा. पन्नासच्या दशकातल्या स्वस्त ट्रेलरांची आतली बाजू बर्च प्लायवूडची, लाकडी सांगाड्यावर. पावसाळी प्रदेशात कोपऱ्यातून पाणी शिरलं की सांगाडा कुजतो, इथे टिकतो. (ऊन रबरी पट्ट्या आणि पडदे खातं, पण ते बदलता येतात.) दुसरं, जोशुआ ट्रीच्या आसपास माणसं अशा छोट्या आडोशांना सरावलेली होती. १९३८ च्या स्मॉल ट्रॅक्ट कायद्याखाली सरकारने इथली पाच-पाच एकर ओसाड जमीन लोकांना अगदी थोड्या पैशांत दिली, अट एवढीच की त्यावर लहानसं घर बांधायचं. ट्वेंटीनाइन पाम्सच्या पूर्वेला वंडर व्हॅलीतून गाडी नेलीत तर त्या खोल्या अजून दिसतात, दारं-खिडक्या गेलेल्या, वाऱ्याला मोकळ्या. पाण्याची सोय नसताना लोकांनी तिथे काय स्वप्नं पाहिली असतील, हा विचार मला त्या सजवलेल्या रिसॉर्टपेक्षा जास्त वेळ पुरला.

यातूनच तुमच्या कामाचा एक मुद्दा निघतो. 'रेट्रो' म्हणून विकतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, खरा जुना ट्रेलर, दुरुस्त करून ठेवलेला. दुसरा, जुन्या आकाराचा नवा ट्रेलर, आत हॉटेलसारखं न्हाणीघर. अस्सल जुन्यात राहायचं तर अ‍ॅरिझोनात मेक्सिकोच्या सीमेजवळ बिस्बी नावाचं तांब्याच्या खाणीचं गाव आहे, तिथला 'द शेडी डेल' पाहावा. १९२७ पासून हायवे ८० वरच्या प्रवाशांचा तो तळ. १९५१ चा स्पार्टन रॉयल मॅन्शन, १९४७ च्या बसमध्ये केलेली खोली, असं काय काय तिथे आहे. गावही हजार वेळा चांगलं, खाणीत उतरता येतं. पण दोघांनी जायची ती जागा. अस्सल जुन्या ट्रेलरमध्ये शॉवर सहसा नसतो, कधी संडासही नसतो. सगळ्यांसाठीचं न्हाणीघर अंगण ओलांडून.

आई-बाबा बरोबर असतील तर इथेच निर्णय होतो. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला टॉर्च घेऊन, बूट झटकून, वाळूतून चालत न्या, हे मी तरी करणार नाही. बूट झटकून म्हणते कारण विंचू असतात. थंडीत कमी, पण सवय ठेवावी. तेव्हा न्हाणीघर आत असलेलाच ट्रेलर घ्या. दाराची पायरी किती उंच आहे ते विचारा, धरायला दांडी आहे का तेही. बऱ्याच रिसॉर्टमध्ये ट्रेलरांच्या जोडीला केबिनही असतात. आई-बाबांना शेजारची केबिन आणि तुम्ही मुलांसह ट्रेलरमध्ये, ही सगळ्यात शहाणी मांडणी. खर्च वाढतो खरा, पण सहा जण एका ट्रेलरात कोंबण्याचा विचारही करू नका. भाव विचारताना कर, साफसफाईचे पैसे, रिसॉर्ट फी धरून एकूण आकडा मागा. तीनशेचे चारशे तिथेच होतात.

काळाचं बघताना दोन गोष्टी. उन्हाळ्यात पारा सहज ३८ च्या वर जातो आणि अ‍ॅल्युमिनियमचा डबा दुपारी तापला की छतावरचा एसी रात्रभर घरघरत राहतो. ज्या शांततेसाठी आलात तीच जाते. डिसेंबर-जानेवारीत रात्री शून्याजवळ जातात, दिवस मात्र छान. वसंतात वारा असतो, ट्रेलर हलतो, आईंना भूकंप वाटेल, आधी सांगून ठेवा. पहाटे पत्रा तापायला लागला की टिकटिक आवाज येतो, तोही पाऊस नव्हे. एप्रिलमध्ये खाली इंडिओला कोचेलाचा संगीत महोत्सव दोन शनिवार-रविवार चालतो, तेव्हा आसपासचे दर बघून हसू येतं.

दुसरी गोष्ट चंद्र. बुकिंगच्या आधी कालनिर्णय उघडा आणि वद्य दशमी ते शुद्ध पंचमीच्या मधली रात्र धरा. अमावास्येला प्रवास नको असं घरातून आलंच तर आदल्या दिवशी पोचा, सगळ्यांचं समाधान. जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाला २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला आहे. पश्चिमेला पाम स्प्रिंग्जचा उजेड क्षितिजावर दिसतो, पूर्वेकडच्या पिंटो बेसिनमध्ये खरा अंधार. आकाशगंगेचा भरगच्च भाग बघायचा तर ऑक्टोबरची संध्याकाळ किंवा एप्रिलची पहाट. जानेवारी-फेब्रुवारीत तो नसतो, पण मृग, व्याध, कृत्तिका हे सगळं डोक्यावर असतं, आणि ते आई-बाबांच्या ओळखीचं. आमच्या बाबांनी लहानपणी सांगलीजवळच्या मळ्यात पाहिलेलं आकाश नातवाला नावांसकट दाखवलं. रिसॉर्टमध्ये दिव्यांच्या माळा असतात, काही तर रात्रभर. तुमचा ट्रेलर कडेचा मागून घ्या.

उद्यानात गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतात. आत दुकान नाही, खाणं नाही, पाणी प्रवेशाजवळच्या मोजक्या जागा सोडल्या तर नाही, फोनला रेंज नाही. नकाशा उतरवून घ्या, पाणी भरपूर घ्या. आई-बाबांसाठी कॅप रॉकची छोटी सपाट वाट आणि कीज व्ह्यू. कीज व्ह्यूला गाडी वरपर्यंत जाते, पाच हजार फुटांवरून खाली सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे भूकंपाची ती मोठी भेग, एका रेघेत दिसतो, हवा स्वच्छ असेल तर लांब साल्टन सी हे सरोवर. ज्या झाडावरून उद्यानाचं नाव पडलं ते नेहमीच्या अर्थाने झाड नव्हेच, आपल्या घायपाताच्या कुळातलं; त्याचं परागीभवन फक्त युक्का पतंग करतो, आणि त्याच्या अळ्या त्याच झाडाच्या बिया खाऊन वाढतात. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

मुलांना चोया कॅक्टसची बाग दाखवा, सूर्य कलताना, पण हात धरून. त्याला उडी मारणारं निवडुंग म्हणतात. ते उडी मारत नाही, नुसता स्पर्श झाला तरी तुकडाच सुटून अंगाला चिकटतो आणि बोटांनी काढायला गेलात तर बोटांना चिकटतो. खिशात कंगवा ठेवा, तुकडा कंगव्याच्या दातांमध्ये अडकवून झटक्यात उडवायचा.

बजेट ताणलेलं असेल तर दुसरा रस्ता आहे: गावातलं साधं मोटेल घ्या, संध्याकाळी उद्यानात जा, नऊ-दहापर्यंत आकाश बघा, परत या. उद्यान रात्रीही उघडं असतं. तंबूची सवय असेल तर उद्यानातली कॅम्पसाइट तुमच्या तीनशेच्या साधारण दहाव्या हिश्शात पडते, आणि अंगण तेच, कदाचित जास्त चांगलं. ट्रेलरचे जादा पैसे गादीचे, हीटरचे आणि आई-बाबांच्या गुडघ्यांचे.

घ्यायचाच असेल तर मंगळवार-बुधवारची रात्र बघा, दर बराच उतरतो. शनिवार-रविवारशिवाय जमत नसेल तर शुक्रवारी दुपारनंतर लॉस एंजेलिसहून निघू नका; एरवी अडीच तासांचा रस्ता, पण हायवे १० वर पवनचक्क्यांच्या खिंडीपर्यंतच तुमची संध्याकाळ संपेल. शनिवारी सकाळी सातला निघा, आधी उद्यान, मग दुपारी तीन-चारला ट्रेलरचा ताबा. तसाही तो त्याआधी मिळत नाही.