छातीतलं पाणी फेकू नकोस

डिचोली, गोवा

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. तुझा पेशंट, वय चोवीस, तीन आठवडे ताप, छातीत उजव्या बाजूला पाणी. सुईने लिटरभर पाणी काढल्यावर मुलगा आडवा झोपू शकला, हे वाचून मलाही बरं वाटलं. पण ते पाणी तपासायला पाठवलंस की नाही, ते लिहिलं नाहीस.

माझ्या पहिल्या वर्षी असाच एक कुळागरात राबणारा तरुण आला होता. उशीला कवटाळून बसलेला, चार शब्द बोलला की दम लागायचा. पाठीवर बोट वाजवलं तर दगडावर वाजवल्यासारखा बद्द आवाज. मी पाणी काढलं, फिकट पिवळं, आणि बेसिनमध्ये ओतून टाकलं. दोन महिन्यांनी तो परत आला, निम्मा झालेला. टीबी होता. ते दोन महिने माझ्या निष्काळजीपणाने गेले, हे मी अजून विसरलेलो नाही.

लोक 'फुफ्फुसात पाणी झालं' म्हणतात आणि रुग्णाचं पाणी पिणं बंद करतात. घरच्यांना सांग, पाणी फुफ्फुसात नाही, त्याच्या बाहेरच्या दोन पातळ पदरांमध्ये आहे. धडधाकट माणसातही तिथे दोन-चार चमचे असतंच. झिरपणं वाढलं किंवा निचरा अडला की ते साचतं. ते का साचलं, हे शोधणं आपलं खरं काम.

म्हणून पाण्यासोबत त्याच दिवशी रक्तही घ्यायचं. पाण्यातलं प्रोटीन रक्तातल्या प्रोटीनच्या निम्म्याहून जास्त निघालं, तर टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर यांच्या मागे लागायचं. डॉ. लाइट यांनी 1972 साली मांडलेल्या निकषांपैकी हा एक, आजही रोज उपयोगी पडतो. प्रोटीन कमी असेल तर हृदय, यकृत, किडनीकडे बघ. हार्ट फेल्युअरमध्ये पाणी बहुधा दोन्ही बाजूंना होतं, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीच ओसरतं. तिथे सुईची घाई नको. पू निघाला तर मात्र एक दिवसही थांबू नकोस, नळी टाकायला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पाठव.

सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला लागून घाल, खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि नस जाते. एका वेळी दीड लिटरच्या पुढे जाऊ नकोस. त्याआधीच खोकला किंवा छातीत दडपण सुरू झालं तर तिथेच थांब.

तुझ्या या पेशंटबाबत मला टीबीचाच संशय आहे. थुंकीत जंतू सापडले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नकोस, या प्रकारात ते बहुतेकदा सापडत नाहीतच. पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त आणि एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एन्झाइम, 40 च्या वर असेल, तर संशय पक्का होतो. मग सहा महिन्यांचं औषध, सरकारी केंद्रात मोफत. महिन्याभरात त्याला बरं वाटेल आणि गोळ्या सोडाव्याशा वाटतील, तेव्हा त्याच्या आईला हाताशी धर.

नमुना ठेवला नसशील तर उद्याच त्याला बोलावून घे. थोडं पाणी अजून असेलच, सोनोग्राफीत दिसेल. एडीएचा आकडा आला की रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझा,
सर