‘आयुष्यभराचा’ दर्जा क्रूझ कंपनीने खाली आणला, तर दाद मागता येते का?

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायकोने जवळजवळ सगळ्या क्रूझ एकाच कंपनीच्या केल्या. दुसरीकडे स्वस्त मिळत होतं तेव्हाही तिथेच गेलो, कारण पॉइंट साठत होते. पॉइंटवरून ठरणाऱ्या प्रवाशांच्या दर्जात वरून दुसऱ्या पायरीवर पोहोचलो. कंपनीच्या पत्रकात ‘एकदा मिळालेला दर्जा आयुष्यभर’ असं छापलेलं होतं. आता ई-मेल आला आहे की त्या पायरीसाठी लागणाऱ्या रात्री वाढवल्या आहेत. आम्ही एक पायरी खाली आलो, फुकट लाँड्री आणि वायफायची सूट गेली. पुढची क्रूझ आधीच बुक केली आहे आणि तिची अनामत परत मिळत नाही. शिवाय मागच्या जहाजावर असताना भविष्यातल्या सफरीसाठी थोडे पैसे भरून ठेवले आहेत. दुसरी कंपनी म्हणते, ‘आमच्याकडे या, तुमचा जुना दर्जा तसाच देतो.’ पहिलीवर दावा लावू, की मुकाट्याने दुसरीकडे जाऊ?

उत्तर : ताई, कंपनीचं नाव इथे मुद्दाम गाळलं आहे. उत्तर त्यावर फारसं अवलंबूनही नाही, कारण या धंद्यातल्या बहुतेक सगळ्यांच्या अटी एकाच साच्यातल्या असतात. पण तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी एका रागात गुंडाळल्या आहेत. त्या आधी सुट्या करू, कारण कायदा तिघींकडे एका नजरेने बघत नाही.

जहाजावर भरून ठेवलेले पैसे हे पैसेच आहेत. त्यांचा दर्जाशी काही संबंध नाही. ते कधीपर्यंत वापरायचे, कोणत्या सफरींना चालतात, न वापरल्यास परत मिळतात की बुडतात, हे त्या वेळी सही केलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. लॉयल्टीचे, म्हणजे पॉइंट आणि दर्जाच्या योजनेचे, नियम बदलले म्हणून या पैशांना हात लावता येत नाही. लावलाच, तर तुमची बाजू भक्कम आहे. तो कागद शोधून ठेवा. त्याहून जास्त काही सध्या करायला नको.

बुक केलेली सफर मधल्या जागी येते, आणि लढायचं असेल तर इथेच लढावं. तुम्ही बुकिंग केलं तेव्हा कंपनीच्या खात्यात तुमचा दर्जा वरचा दिसत होता, त्या दर्जाला त्या सफरीत काय मिळणार हे लिहिलेलं होतं, आणि परत न मिळणारी अनामत भरण्यात त्याचा वाटा होता. एखाद्याच्या शब्दावर विसंबून माणसाने खिशात हात घातला, तर शब्द देणाऱ्याला तो सहजासहजी फिरवता येऊ नये, हे तत्त्व बहुतेक सगळ्या कायदेपद्धतींत कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. पण ते सिद्ध करायला पुरावा लागतो. बुकिंगच्या कन्फर्मेशनवर दर्जाचा उल्लेख आहे का? एजंटमार्फत बुक केलं असेल, तर ‘तुम्हाला लाँड्री फुकट आहेच’ असं त्याने लिहिलेला एखादा मेसेज आहे का? तसा मेसेज पत्रकापेक्षा मोलाचा असतो. पत्रक सगळ्यांसाठी छापलेलं असतं, मेसेज तुमच्यासाठी आणि त्या सफरीसाठी लिहिलेला असतो.

आता राहिला खुद्द दर्जा, म्हणजे तुमचं खरं दुखणं. इथे मला तुम्हाला नाराज करावं लागणार. योजनेच्या अटी उघडून बघा. कंपनी कधीही, पूर्वसूचनेशिवाय, नियम बदलू शकते किंवा योजना बंद करू शकते; पॉइंटना रोख किंमत नाही; ते दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत; ही तीन वाक्यं शब्द थोडे पुढेमागे करून तिथे असतीलच. ‘आयुष्यभर’ हा शब्द पत्रकात मोठ्या टायपात असतो आणि तो काढून घेण्याची मुभा अटींमध्ये बारीक टायपात. न्यायालयात शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले जातात, आणि बारीक टायपाचं पारडं बऱ्याचदा जड भरतं.

नेमका हा वाद क्रूझपेक्षा विमान कंपन्यांच्या बाबतीत जास्त लढला गेला आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये आपल्या योजनेत बदल करून फुकट तिकिटांवर ठराविक तारखांची बंदी आणि जागांची मर्यादा आणली, आणि ती लोकांनी आधीच साठवलेल्या माइल्सनाही, म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंटनाही, लावली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ च्या वोलेन्स निकालात न्यायालयाने म्हटलं की राज्याच्या ग्राहक-फसवणूक कायद्याखाली दावा चालणार नाही, पण ‘कंपनीने स्वतः दिलेला शब्द मोडला’ असा साधा करारभंगाचा दावा चालू शकतो. दार किलकिलं राहिलं. २०१४ च्या गिन्सबर्ग प्रकरणात एका विमान कंपनीने वरच्या दर्जाच्या प्रवाशाला वारंवार तक्रारी करतो म्हणून योजनेतून काढून टाकलं होतं. ‘कंपनीच्या एकटीच्या मताने’ सदस्यत्व रद्द करता येईल, असं अटींत लिहिलेलं होतं. प्रवासी म्हणाला, हा अधिकार सद्भावनेने वापरायला हवा होता. न्यायालयाने एकमताने त्याला नकार दिला, आणि वर असंही सुचवलं की ज्या कंपनीची वागणूक पटत नाही तिची योजना सोडून प्रवाशाला दुसरीकडे जाता येतं. तुमच्या प्रश्नाचा उत्तरार्ध जणू न्यायमूर्तींनीच वाचला होता. हे दोन्ही निकाल विमान वाहतुकीच्या एका खास कायद्याभोवती फिरतात आणि तो कायदा जहाजांना लागू नाही. त्यामुळे ते जसेच्या तसे तुमच्यावर बसत नाहीत. पण वारा कुठल्या दिशेने वाहतो ते कळतं.

दावा लावायचाच म्हटलं, तर कुठे? तुम्ही कुठे राहता ते पत्रात लिहिलेलं नाही आणि अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे. अनेक मोठ्या अमेरिकी क्रूझ कंपन्यांच्या तिकीट-करारात वाद फ्लोरिडात, आणि दुखापतीखेरीजचे वाद बहुतेक वेळा मायामीत लवादापुढे, अशी अट असते. ही अट टिकते का, यावर १९९१ चा कार्निव्हल विरुद्ध शूट हा निकाल प्रसिद्ध आहे. वॉशिंग्टन राज्यातलं एक जोडपं लॉस एंजेलिसहून मेक्सिकोच्या सफरीला निघालं. जहाजाचं स्वयंपाकघर दाखवायला नेलं असताना बाईंचा पाय मॅटवरून घसरला. खटला त्यांनी घराजवळ भरला. कंपनी म्हणाली, तिकिटावर फ्लोरिडा लिहिलंय. ते तिकीट पैसे भरल्यानंतर हातात आलं होतं, तरीही सात विरुद्ध दोन मतांनी कंपनी जिंकली. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी तिकिटाची प्रतच आपल्या मताला जोडली, म्हणजे तो परिच्छेद किती बारीक अक्षरात दडला होता हे कुणालाही दिसावं. मला त्यांचं मत पटतं, पण कायदा बहुमताचा असतो.

अमेरिकेबाहेर चित्र बरंच बरं आहे. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथलं ते सर्वोच्च न्यायालय) डिसेंबर २०२३ मध्ये, रूबी प्रिन्सेस या क्रूझ जहाजाच्या मार्च २०२० च्या कोविडग्रस्त सफरीच्या प्रकरणात, सामूहिक दाव्याचा हक्क सोडून देण्याची अट अन्याय्य ठरवून बाजूला सारली. अमेरिकेतच दावा लावा, हाही आग्रह मानला नाही, आणि ते एका कॅनेडियन प्रवाशाच्या बाबतीत. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये पामर प्रकरणात मालवाहू जहाजावरची सफरसुद्धा ‘पॅकेज’, म्हणजे प्रवास आणि राहणं एकत्र विकलेली सहल, मानली. ऑस्ट्रियातल्या त्या गृहस्थांना पोहण्याचा तलाव आणि व्यायामाची खोली सांगितली होती, जहाज त्या वर्णनासारखं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पॅकेज ठरलं, की कंपनीने आपला व्यवसाय तुमच्या देशाकडे वळवला असेल तर ग्राहकाला आपल्या गावच्या न्यायालयात जाता येतं. शिवाय युरोपच्या १९९३ च्या निर्देशात, करारात सबळ कारण नमूद न करता एकतर्फी अटी बदलण्याची मुभा घेणारं कलम संशयास्पद कलमांच्या यादीतच आहे. तुम्ही भारतात राहत असाल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना उपयोगाची आहे. अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे जाते. तक्रारदार जिथे राहतो तिथे ती करता येते, आणि करारात लवादाची अट आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र आदेश हातात येणं वेगळं आणि वसुली वेगळी. कंपनीचं त्या देशात कार्यालय नसेल, तर कागद जिंकून बसाल.

मुदत मात्र विसरू नका. भारतात ग्राहक तक्रारीला दोन वर्षं मिळतात म्हणून निवांत राहू नका. काही मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या करारात दुखापतीखेरीजच्या तक्रारीची लेखी नोटीस ३० दिवसांत आणि कारवाई सहा महिन्यांत, असं लिहिलेलं असतं. ही मुदत तुमच्या देशात टिकेल की नाही, हा वाद नंतर घालता येईल. नोटीस आत्ताच द्या, म्हणजे तो वाद घालावाच लागणार नाही.

आता दुसऱ्या कंपनीचं आमंत्रण. हा कायद्याचा प्रश्न नाही असं तुम्हाला वाटेल, पण आहे. ‘जुना दर्जा तसाच देतो’ या वाक्यातही कंपनी काहीच कायमचं देत नाही. एमएससी या क्रूझ कंपनीची दर्जा जुळवून देण्याची पद्धत जुनी आहे आणि इतर कंपन्यांच्या सदस्यांना ओढण्यासाठीच आहे. रॉयल कॅरिबियनच्या समूहात २०२४ पासून रॉयल कॅरिबियन, सेलेब्रिटी आणि सिल्व्हरसी यांच्यात दर्जा एकमेकांकडे चालतो, पण ती घरातल्या घरातली सोय झाली. बाहेरच्या कंपनीकडून दर्जा घेताना तीन गोष्टी लेखी विचारा: तो किती काळ टिकेल, टिकवण्यासाठी किती दिवसांत सफर करावी लागेल, आणि नवऱ्याला तो आपोआप मिळेल की त्याचा वेगळा अर्ज. शेवटच्यावर पुष्कळ जोडप्यांची फसगत होते. काही योजनांत एका घरातल्या पती-पत्नीला एकच पायरी मिळते, काहींत ज्याचे त्याचे पॉइंट.

मोजण्याची पद्धत बघा, पायऱ्यांची नावं नको. रॉयल कॅरिबियनमध्ये रात्रीला एक पॉइंट आणि स्वीटला, म्हणजे मोठ्या महागड्या खोलीला, दुप्पट. डायमंड ८० पॉइंटला येतो, पण सर्वांत वरची पिनॅकल पायरी ७०० ला. साध्या केबिनमधून तिथे पोहोचायला जवळजवळ दोन वर्षं समुद्रावर काढावी लागतात. डिस्ने रात्री नाही, सफरी मोजते. १० ला प्लॅटिनम, २५ ला पर्ल. म्हणजे छोट्या सफरी करणाऱ्याचा तिथे फायदा आणि लांब सफरीवाल्याचं नुकसान. कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं की पुढे रात्रींऐवजी खर्च मोजला जाईल आणि दर्जा दोन-दोन वर्षांच्या हिशेबाने ठरेल. एका मोठ्या कंपनीने हे केलं, की बाकीच्याही त्याचा विचार करणारच. तुमच्यासारख्या, साधी केबिन घेऊन वर्षानुवर्षं येणाऱ्या प्रवाशाला ही दिशा महाग पडणारी आहे.

पॉइंटच्या मोहात दरवेळी जास्त पैसे मोजू नका, असं मी अशिलांना सांगतो. लाँड्रीला लांब सफरीत खरी किंमत आहे, कारण ती नसती तर तुम्ही पैसे देऊन कपडे धुवून घेतले असते. वायफायचंही तसंच. जहाजावर आधी चढायला मिळणं म्हणजे रांगेतला तास वाचणं. कॅप्टनच्या पार्टीचं आमंत्रण आणि कोटाला लावायची पिन यांची किंमत माझ्या लेखी शून्य. पुढच्या एका सफरीत तुम्ही एरवी विकत घेतल्या असत्या तेवढ्याच गोष्टी जमा धरा आणि दोन कंपन्यांच्या तिकिटांतला फरक त्यातून वजा करा. त्यापुढचं सगळं ‘कधीही बदलू शकतो’ या खात्यातलं आहे.

तेव्हा दावा सध्या नको. आधी स्क्रीनशॉट: जुनं पत्रक, खात्यातला जुना दर्जा, पॉइंटचा हिशेब. खात्याचं पान बदलायच्या आत हे करा. दुसऱ्या कंपनीलाही जुन्या दर्जाचा हाच पुरावा लागणार आहे. मग कंपनीच्या तक्रार विभागाला एक पानाचं पत्र. त्यात ‘आयुष्यभर’वर भांडू नका. एवढंच लिहा: ‘आम्ही अमुक तारखेला, अमुक दर्जाच्या सवलती गृहीत धरून, परत न मिळणारी अनामत भरून ही सफर बुक केली. या एका सफरीसाठी त्या सवलती कायम ठेवाव्यात, किंवा दंड न लावता बुकिंग रद्द करून अनामत परत द्यावी. जहाजावर भरलेली रक्कम आमच्या नावे जशीच्या तशी आहे, याची लेखी खात्री द्यावी.’ अशी मोजकी मागणी कंपन्या बऱ्याचदा मान्य करतात, कारण वकील नेमण्यापेक्षा चार कपडे धुऊन देणं त्यांना स्वस्त पडतं. क्रेडिट कार्डकडून पैसे उलटवण्याचा मार्ग शेवटी ठेवा. तो वापरला की कंपनी पुढचं बुकिंग नाकारू शकते, आणि तुमची सफर अजून व्हायची आहे.

पत्र पाठवण्याआधी तिकीट-कराराची प्रत आणि तुम्ही कुठे राहता ते मला कळवा. नोटिशीची मुदत त्यात किती आहे, हे मला आधी बघायचं आहे.