वाचकांचे प्रश्न : जुन्या मापनयंत्रांतले रिले

प्रश्न : माझ्याकडे 1980 च्या दशकातला ऑसिलोस्कोप (विद्युत तरंगाचे चित्र पडद्यावर दाखवणारे यंत्र) आहे. सर्वांत खालच्या व्होल्टेज रेंजवर चौकोनी तरंगाऐवजी कधीकधी नुसती अणकुचीदार टोके दिसतात. मोठा सिग्नल दिला की चित्र सुधारते, पण दुसऱ्या दिवशी दोष परत येतो. रेंज बदलताना रिलेचा (विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचचा) टक् आवाज स्पष्ट ऐकू येतो. संशय आलेला रिले काढून साध्या मल्टिमीटरने तपासला, तर रोध 0.2 ओहम निघाला. दोष दुसरीकडे शोधावा का?

उत्तर : आधी त्याच रिलेकडे परत या, कारण आपण सांगितलेली सगळी लक्षणे त्याच्याकडेच बोट दाखवतात. टक् आवाजावरून आर्मेचर, म्हणजे कॉइलच्या चुंबकत्वाने ओढला जाणारा लोखंडी भाग, हलले एवढेच कळते. कॉन्टॅक्ट (एकमेकांना टेकून प्रवाह जोडणारे धातूचे भाग) विद्युतदृष्ट्या जुळले की नाही, ते कळत नाही. चांदीच्या कॉन्टॅक्टवर हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे सिल्व्हर सल्फाइडचा काळपट थर चढतो, आणि सोन्याचा मुलामा असला तरी तो झिजल्यावर खालचा धातू उघडा पडतो. जास्त प्रवाह तोडणाऱ्या रिलेत ठिणगीच असा थर जाळून टाकते. ऑसिलोस्कोपच्या इनपुटचा रोध मात्र साधारण 1 मेगओहम असतो, त्यामुळे 10 मिलिव्होल्टच्या सिग्नलला जेमतेम 10 नॅनोअँपिअर प्रवाह वाहतो आणि थर जागचा हलत नाही. मग दोन कॉन्टॅक्टमधल्या अल्प धारितेतून (कपॅसिटन्समधून) तरंगाच्या फक्त तीव्र कडा पलीकडे पोचतात व सपाट भाग गळून पडतो. आपल्याला दिसणारी टोके ती हीच. मोठा सिग्नल हा थर तात्पुरता भेदतो.

मल्टिमीटरनेही नेमके तेच केले असावे. रोध मोजताना त्याच्या टोकांवर बहुधा अर्ध्या व्होल्टपासून काही व्होल्टपर्यंत दाब असतो, म्हणजे तपासणीच दोष झाकते. म्हणून ही चाचणी 20 मिलिव्होल्टच्या आतच करावी. 1.5 व्होल्टचा सेल, त्याच्याशी एकसरीत 1 किलोओहम आणि कॉन्टॅक्टला समांतर 10 ओहम एवढी जोडणी पुरेशी आहे. कॉन्टॅक्ट उघडा असताना त्याच्या दोन टोकांवर सुमारे 15 मिलिव्होल्ट दिसतील. तो बंद झाल्यावर निरोगी रिलेत हे वाचन 0.15 मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून खाली यायला हवे, कारण तेवढे वाचन म्हणजे 0.1 ओहम रोध. मीटरच्या तारा थेट रिलेच्या पिनांवर टेकवाव्यात. रिले निदान वीस वेळा चालू-बंद करावा. माझ्या मते एका चांगल्या आकड्यापेक्षा वीस वाचनांतला सारखेपणा जास्त विश्वासार्ह असतो.

रिलेचे आवरण निघत असेल, तर गुळगुळीत लेप नसलेल्या जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमध्ये धरावी, आर्मेचर बोटाने हलके दाबावे, पट्टी दोन-तीनदा ओढावी आणि नंतर कोरडी पट्टी फिरवावी. पॉलिश पेपर किंवा कानस कृपा करून वापरू नये. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि एकदा खरवडला गेला की परत आणता येत नाही. सिलिकॉन असलेला स्प्रेही टाळावा.

प्रश्न : माझ्या जुन्या मापनयंत्रातला 12 व्होल्टचा एक रिले यंत्र तासभर चालल्यावर ओढलाच जात नाही. थंड असताना तो व्यवस्थित चालतो. रिले बदलावा का?

उत्तर : बदलण्यापूर्वी यंत्र गरम असताना कॉइलच्या पिनांवरचे व्होल्टेज मोजावे, अर्थात मेन्सच्या उघड्या भागांपासून हात दूर ठेवूनच. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तापमान 30 अंशांनी चढले की कॉइलचा रोध जवळजवळ 12 टक्क्यांनी वाढतो. थंड स्थितीत 9 व्होल्टला ओढला जाणाऱ्या रिलेला मग 10 व्होल्टहून थोडे अधिक लागतात. पुरवठा खरोखर 12 व्होल्ट असेल, तर ही वाढ सहज पचते. पण वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमुळे किंवा नीट चालू न होणाऱ्या ट्रान्झिस्टरमुळे कॉइलला 10 व्होल्टच मिळत असतील, तर नवा रिलेही तसाच वागेल. कॉइलवर पूर्ण 12 व्होल्ट असूनही आर्मेचर हलत नसेल, तरच रिलेला दोष द्यावा.

प्रश्न : मूळ रिले मिळत नसल्यास पर्यायी रिले निवडताना काय पाहावे?

उत्तर : कॉइलचे व्होल्टेज, तिचा रोध आणि पिनांची मांडणी तर जुळायलाच हवी, पण कॉन्टॅक्टचा धातूही तितकाच महत्त्वाचा आहे. 10 अँपिअरचा रिले दणकट दिसला, तरी त्याचे साधे चांदीमिश्रित कॉन्टॅक्ट सूक्ष्म सिग्नलसाठी निरुपयोगी ठरतात. तेथे सोन्याचा मुलामा असलेला सिग्नल रिलेच हवा. लॅचिंग रिले (प्रवाह बंद झाल्यावरही आहे त्या स्थितीत राहणारा) असेल, तर कॉइलची ध्रुवता तपासूनच तो बसवावा. ऑसिलोस्कोपच्या अ‍ॅटेन्युएटरमधला (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणाऱ्या भागातला) रिले बदलल्यावर धारिता थोडी बदलते, म्हणून 1 किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग देऊन त्या रेंजचा ट्रिमर (फिरवून जुळवायचा छोटा कपॅसिटर), तरंगाचा माथा सपाट दिसेपर्यंत, पुन्हा जुळवावा लागतो.