'लेमन' या कोरियन कादंबरीत खुनी शेवटी सापडतो का? वाचावी का?

सरळ उत्तर, नाही, म्हणजे पोलिसांना तो कधीच सापडत नाही. पण थ्रिलर समजून घेतली तर पैसे वाया गेले म्हणाल. क्वॉन यो-सन यांची ही कादंबरी कोरियनमध्ये 2019 ला आली आणि जॅनेट हाँग यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर 2021 ला, मी तेच वाचलं, एका रविवारात संपलं. 2002 चा वर्ल्डकप, अख्खा कोरिया फुटबॉलच्या नादात, आणि तेव्हाच हे-ऑन नावाची शाळेतली सगळ्यात सुंदर मुलगी मारली जाते. संशय दोघांवर, एक श्रीमंत घरातला पोरगा ज्याच्या गाडीत ती शेवटची दिसली तो, आणि दुसरा गरीब डिलिव्हरी बॉय. आता पोलीस कोणाला जास्त पिळतात ते सांगायला नकोच, ते इकडे तिकडे सगळीकडे सारखंच.

पण खरी गोष्ट धाकट्या बहिणीची, दा-ऑनची. ती बहिणीसारखं दिसायला चेहऱ्याची सर्जरी करून घेते!! मला ते वाचताना पोटात कसंतरी झालं, कारण आई समोर असतेच ना घरात, तिने रोज तो चेहरा बघायचा. निवेदक बदलत राहतात, कोण बोलतंय ते वरती लिहिलेलं नसतं, म्हणून पहिली काही पानं जरा हळू वाचा.